ल लाखोळीचा

आमच्या घरातला ‘ल’ एका रविवारी सकाळी, चहाच्या आधी, वारला.

वारला म्हणजे कीबोर्डवरचा. कितीही दाबा, खाली म्हणून जाईना. एरवी मी एवढा शोक केला नसता, पण माझी बायको सुनंदा मराठी टायपिंगच्या परीक्षेला बसणार होती आणि परीक्षा तोंडावर आली होती. पास झाली तर तिला कारकुनाच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. लग्न होऊन आसगावला आल्यापासून तिच्या मनात ही एकच गोष्ट होती. सरावासाठी जुना कीबोर्ड घेतला होता, त्यावर मराठी अक्षरांचे स्टिकर. पवनीच्या क्लासमधल्या बाईंची तिच्याबद्दल तक्रारही एकच: “सुनंदा, तू बोटांकडे पाहून टाइप करते. अशानं कशी पास होशील?”

“अवो, ‘ल’ गेला!” सुनंदा ओरडली.

‘ल’ जाणं म्हणजे काय, विचार करा. मराठीतला भूतकाळच गेला! आला, गेला, झाला, सगळं बंद. आमच्या झाडीपट्टीत तर मले, तुले, कायले यांच्याशिवाय माणूस घसाही खाकरत नाही. ‘ल गेला’ ही तक्रारसुद्धा टाइप करता येईना!

“मी दुरुस्त करतो,” मी म्हणालो.

“तुम्ही?” सुनंदानं वर पंख्याकडे पाहिलं. (तो मी उन्हाळ्यात दुरुस्त केला होता. चालतो चांगला, फक्त हवा छताला लागते.) “त्यापेक्षा पवनीले नेऊन दाखवू ना.”

“एका अक्षरासाठी पवनी? कायले? मी पहिलीचा मास्तर आहो. अक्षरं माझ्या शब्दाबाहेर नाही!”

चमचा घेतला आणि कळा उपटायला बसलो. शहाण्या माणसानं सरळ ‘ल’ काढला असता. पण मी मास्तर! शिस्त म्हणजे शिस्त. सुरुवात ‘क’पासून केली. मग ख, मग ग. उपटलेली प्रत्येक कळ आईच्या सुपात टाकत होतो. कोणती कळ कुठली, हे लिहून ठेवायची गरज वाटली नाही, कारण स्टिकर होते ना! य र करत ‘ल’पर्यंत आलो तेव्हा कीबोर्ड पार बोळका झाला होता.

‘ल’ उपटला. खाली लाखोळीच्या डाळीचा एक दाणा आरामात बसला होता.

“ल लाखोळीचा!” मी वर्गात ओरडतो तसा ओरडलो.

आई धावत आली. आदल्या दिवशी तिनं त्याच टेबलावर डाळ निवडली होती. दाणा पाहून ती ओशाळली, पण क्षणभरच.

“अगा बाबू, एवढे दात कायले उपटले? उलटा करून एक थाप माराची होती ना!”

मी अपमान गिळून चहा प्यायला गेलो. तेवढ्यात आईला वाटलं, आपल्या डाळीमुळे सुनेचा खोळंबा झाला, तर आपणही हातभार लावावा. सूप घेऊन ती मोरीत बसली. मी परतलो तेव्हा सगळ्या कळा उन्हात चमकत होत्या. राखेनं घासलेल्या! स्टिकर गेले होते. स्टिकरखालची पुसट इंग्रजी अक्षरंही गेली होती.

“पाह्य, कशा लख्ख निघाल्या,” आई म्हणाली. “किती मळ होता त्याहिच्यावर!”

मी घाबरलो. सुनंदा परीक्षेआधीच्या जादा क्लासला गेली होती. ती यायच्या आत काहीतरी करणं भाग होतं. कळा भराभर बसवल्या. (काही दात पुढे आले, पण बसल्या.) मग सुनंदाची लाल नेलपॉलिश घेतली आणि अक्षरं लिहिली. पहिल्या ओळीपासून, क ख ग घ! कंपनीनं ती उगाच विस्कटून ठेवली होती, असं माझं प्रामाणिक मत होतं. आईलाही पटलं. “आता कसं शिस्तीत दिसते,” ती म्हणाली.

सुनंदा आली. तिनं कीबोर्ड पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले आणि मला पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली.

“हे काय करून ठेवलं? माही परीक्षा आहे का बालवाडी?”

“अगं, ‘ल’ चालून राहिला ना आता!”

“हो! पण कुठी आहे तो?”

मी ‘ल’ दाखवला, अर्थात मी लिहिलेला. तिनं दाबला. भलतंच काही उमटलं.

“मले या कीबोर्डचं थोबाडच पाहाचं नाही!” असं म्हणत तिनं माझ्या खांद्यावरचा टॉवेल हातांवरून कीबोर्डवर टाकला आणि रागारागानं टाइप करू लागली. कळा अशा वाजत होत्या की आईनं बाहेरचे पापड आत घेतले, तिला गारा पडतायत असं वाटलं. थोड्या वेळानं आवाज थांबला. सुनंदा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहत होती.

“अवो,” ती हळूच म्हणाली, “सगळं बरोबर उमटलं. ‘ल’ पण!”

वरची नावं बदलली तरी खाली अक्षरं आपापल्या जागीच होती; बोटांना सगळं पाठ होतं, डोळेच मध्ये मध्ये करत होते. त्या दिवसापासून टॉवेल तिथून हलला नाही. सुनंदा पास झाली, पुढे नोकरीही लागली. मी आनंदानं गावभर पेढे वाटले आणि ‘त्यात माझाही हात आहे’ असं प्रत्येकाला सांगितलं.

ती रुजू होणार त्या दिवसासाठी मला शाळेत रजेचा अर्ज द्यायचा होता. म्हटलं, घरात कीबोर्ड आहे, तोही आपल्या हातानं क ख ग लावून सोपा केलेला, टाइपच करू! टॉवेल काढला आणि बसलो. क दाबावा तर दुसरंच येई, र दाबावा तर तिसरंच. बराच वेळ झगडलो, पण स्वतःचं नाव काही लिहिता येईना.

आई दारातून पाहत होती. तिला माझी दया आली.

“राहू दे बाबू,” ती पहिलीच्या मास्तराला म्हणाली, “सुनेले येऊ दे. तुले लिहिता नाही येत.”