दत्ताराम मेस्त्रींची दोन बोटं

स्टेअरिंगचा गियरबॉक्स बांधून झाला की दत्ताराम मेस्त्री आधी रेडिओ बंद करायला लावत. मग गिऱ्हाइकाकडे बघून म्हणत, "आता जरा तोंड मिट." बॉक्स टेबलावरच्या शिकंज्यात आवळलेला असे. त्यातून वर आलेल्या दांड्याला मेस्त्री उजव्या हाताची दोनच बोटं लावत, अंगठा आणि त्याच्या शेजारचं. डोळे मिटून तो दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत. बाहेर हायवेवर ट्रक चालूच असत, पण आत कुणी खोकतसुद्धा नसे. मग डोळे उघडून ते म्हणत, "झाला." नाहीतर पाना उचलत आणि सगळं परत खोलायला बसत.

महाडहून पोलादपूरला जाताना त्यांची पत्र्याची शेड लागायची. दुसरे मेकॅनिक सगळी कामं घेत. हे फक्त पॉवर स्टेअरिंगचं घेत. चालकाच्या हातातलं चाक फिरलं की त्याचा जोर पुढच्या टायरपर्यंत नेणारा एक लोखंडी डबा असतो, त्यात तेलाचा दाब असतो, म्हणून एवढी जड गाडी एका हाताने वळते. डबा आवळ झाला तर वळण संपल्यावर चाक सरळ येत नाही, सैल झाला तर गाडी रस्ताभर भटकते. आमच्याकडे एका अंगाला कशेडीचा घाट आणि दुसऱ्या अंगाला आंबेनळीचा. तिथे या दोन्ही गोष्टींचा शेवट दरीतच.

मी तिथे गेले ती चिखल काढायला. महाडच्या बाजारातल्या एका खानावळीत मी भाकऱ्या करत होते. पुरात खानावळ छपरापर्यंत बुडाली ती पुन्हा उघडली नाही. तेव्हा गावात जी गाडी उघडावी तिच्यातून गाळ निघत होता. मेस्त्रींना भाग धुवायला माणूस हवं होतं. त्यांनी मला डिझेलचं घमेलं आणि ब्रश दिला आणि विचारलं, "बाय, तांदूळ निवडतेस ना घरी? मग तसंच. खडा ऱ्हायला तर दात पडतो, हितं माणूस पडंल."

धुतलेले भाग ते जुन्या धोतराच्या पांढऱ्या फडक्यावर मांडत, डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने. फडकं रोज धुतलेलं लागे. एकदा एका गिऱ्हाइकाने त्या फडक्याच्या कडेला चहाचा ग्लास ठेवला, तर मेस्त्रींनी ग्लास उचलून त्याच्या गाडीच्या सीटवर नेऊन ठेवला. म्हणाले, "तुझ्या घरात मी बसतो, माझ्या घरात तू बस."

मूळचे ते इथल्याच कापडे गावचे. तीस वर्षं मुंबईच्या गॅरेजमध्ये काढून परत आले होते, त्यामुळे बोलण्यात मधूनच हिंदी यायचं. घाई करणाऱ्यांवर त्यांचा राग होता. कुणी चारदा घड्याळ बघितलं की म्हणत, "जल्दी हाय तर एसटीनं जा. तिला मी हात नाय लावलेला, सुखरूप जाशील."

पण एका शब्दावर त्यांचा त्याहून जास्त राग होता. "वाटतं" हा शब्द त्या शेडमध्ये चालत नसे. कुणी म्हणालं, "मेस्त्री, गाडी डावीकडे ओढते असं वाटतं," की ते म्हणत, "वाटतं ते घरी बायकोला सांग. हितं कळतं तेवढंच बोल." मलाही सुरुवातीला दोनतीनदा ऐकावं लागलं. सील फाटलंय वाटतं, असं म्हटलं की ते सील माझ्याच हातात परत यायचं. "बघ. मग सांग."

दोनेक वर्षांनी त्यांनी मला दांडा फिरवायला दिला. म्हणाले, "दोन्ही बाजूला हलका लागंल. मधोमध जरा जड. कुणी हाक मारल्यावर माणूस चालता चालता थबकतो ना, तेवढाच. थांबला तर वाईट, थबकला नाय तरी वाईट." मी डोळे मिटले. पहिल्या दिवशी काही कळलं नाही. महिन्याभराने कळलं. मी कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी घरी जाताना माझ्या बोटांकडे दोनदा बघितलं.

एका दिवाळीच्या आधीची गोष्ट. फडक्यावरच्या धुतलेल्या रिंगेवर मला लाल डाग दिसला. मी म्हटलं, "मेस्त्री, रक्त." त्यांनी हात उलटा करून पाहिला. बोटाच्या टोकाला कापलं होतं, चांगलं खोल. ते दुसऱ्याचा हात बघावा तसे बघत राहिले. मग म्हणाले, "पत्रा लागला वाटतं."

मी तो शब्द ऐकला आणि मान खाली घालून ब्रश चालवत राहिले.

नंतर मी बघू लागले. हॉटेलातून चहा यायचा तो उकळता. बाकीचे ग्लास काठाला धरत, मेस्त्री पूर्ण मुठीत धरून गप्पा मारत. दुसऱ्या दिवशी बोटांना फोड. त्यांना साखर होती हे ठाऊक होतं. साखरेने पायांची जाणीव जाते हे आमच्या आळीत ऐकलं होतं, बोटांचीही जाते हे तेव्हा समजलं. तरीही बॉक्स बांधून झाला की रेडिओ बंद होई, मेस्त्री डोळे मिटत, दांडा फिरवत आणि म्हणत, "झाला." मी भाग धुणारी. तीस वर्षं काम केलेल्या माणसाला काय सांगणार? आणि मुळात मला चार माणसांत बोलता येत नाही. गाड्या येत होत्या आणि घाटात जात होत्या.

मार्गशीर्षात पोलादपूरचा सुरेश जीप घेऊन आला. दुपारी त्याला वऱ्हाड घेऊन आंबेनळीने वर जायचं होतं. बॉक्स बांधून होईपर्यंत तो शेडच्या दारात उभा राहून फोनवर फोन घेत होता.

"मेस्त्री, उरका ना. नवरा उभा हाय तिकडं."

"बस म्हणावं त्याला. उद्यापास्नं उभंच ऱ्हायचंय."

सगळे हसले. रेडिओ बंद झाला. मेस्त्रींनी दांडा फिरवला आणि म्हणाले, "झाला. बाय, पुसून दे."

पुसायला म्हणून मी दांड्याला हात लावला. का कोण जाणे, दोन बोटांनी फिरवला. मध्याच्या जरा डावीकडे काहीतरी लागलं. भातात दाताखाली बारीक खडा यावा तसं. मी परत फिरवला. परत तिथेच.

"मेस्त्री," मी म्हटलं. कुणाला ऐकू गेलं नाही. परत म्हटलं, "मेस्त्री, मधे अडकतं असं मला वाटतं."

सुरेश म्हणाला, "घ्या! आता भांडी धुणारी पास करणार गाडी. काकी, तू बॉक्स पूस गो."

मेस्त्री त्याच्याकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते. "वाटतं का कळतं?"

"कळतं," मी म्हटलं.

ते उठले. परत दोन बोटं लावली, डोळे मिटले, फिरवलं. मग डावा हात लावून बघितला. बराच वेळ फिरवत होते. मग डोळे उघडले. म्हणाले, "चष्मा दे," आणि बॉक्स खोलायला घेतला.

आतल्या आट्यांमधून पोलादी छर्रे फिरतात, वाटाण्याएवढे. मेस्त्री ते एकेक बोटांत चोळून तपासत आणि मगच आत घालत. आता उन्हात धरून एकेक बघितला. एकाचा कपचा उडालेला निघाला. एवढासा, पण घाटात उतरताना अडकला असता तर चाक तिथेच राहिलं असतं. त्यांनी तो छर्रा सुरेशच्या तळहातावर ठेवला.

"हा मीच घातला. माझ्या बोटांना आता कळत नाय. हिच्या बोटांना कळतं. तू दुसरी गाडी बघ, वऱ्हाड खोळंबू नको देऊ."

सुरेश छर्रा परत फडक्यावर ठेवून निघून गेला. संध्याकाळपर्यंत ही बातमी पोलादपूरच्या स्टँडवर पोचली होती.

मला वाटलं, मेस्त्री मला काढून टाकतील. ते जुन्या टायरवर बसले होते. म्हणाले, "कधीपास्नं कळतंय तुला?"

"दिवाळीच्या आधीपासनं."

"मग बोलली का नाय गो?"

मी ब्रश उचलून घमेल्यात बुडवला. त्यांनी ते दुसऱ्यांदा विचारलं नाही. बोटांवर गाड्या मोजू लागले. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, बॉक्स राहत. काळं तेल निघालं होतं तो कापड्याचा. ज्याच्या नटाचे आटे गेले होते तो वीर गावचा टेम्पो. असे दिवाळीच्या आधीपासूनचे सात झाले. लगेच फोन लावायला बसले. प्रत्येकाला तेच वाक्य.

"दत्ताराम मेस्त्री बोलतोय. तुझा बॉक्स बांधला तवा माझी बोटं मेलेली व्हती. गाडी हळू चालवत घेऊन ये."

दोन फोन झाल्यावर मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "तेल तपासायचंय असं सांगा ना."

"तेल तपासायला माणूस चार दिवसांनी येतो," ते म्हणाले. "बोटं मेली म्हटल्यावर आज येतो."

सहा गाड्या तीन दिवसांत आल्या. काही जण चिडले, एक जण तर शेडच्या बाहेर उभा राहून वाटेल ते बोलला. मेस्त्रींनी ऐकून घेतलं. सहाही बॉक्स खोलले, छर्रे मी चोळून पाहिले, दांडे मी फिरवले. सहाही बरोबर होते. हात सवयीने अजून नीट चालत होते. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. पण ते सातव्याची वाट बघत होते.

सातवी पांढरी जीप, दासगावची. तिच्या मालकाचा फोन लागेना म्हणून आम्ही रिक्षा करून गेलो. तो अंगणात जाळं सांधत बसला होता.

"गाडी विकली, मेस्त्री. विकायचीच म्हणून तर काम करून घेतलं ना."

"कुणाला?"

"पनवेलच्या दलालाला. त्यानं पुढं कुणाला दिली काय ठाऊक. घाटावर गेली म्हणत व्हता."

दलालाचा नंबर बंद लागत होता. गाडीचे कागद अजून दासगाववाल्याच्याच नावावर होते. मेस्त्री पनवेलला दोनदा जाऊन आले. दलालाने तिथलं दुकान सोडलं होतं. मेस्त्रींनी गाडीचा नंबर एका कागदावर लिहून शेडच्या खांबाला लावला आणि येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला वाचायला लावला. मी तो वाचून वाचून पाठ केला.

त्यानंतर काम कमी झालं. जे येत त्यांना मेस्त्री आधीच सांगत, "बांधणार मी, कळणार हिला. पटत असंल तर चावी दे." काही चावी खिशात घालून परत जात. काही देत. सुरेश चार महिन्यांनी आला, चावी माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकी, नीट बघ हां." दोन वर्षं आम्ही असं काम केलं. ते बॉक्सवरचा स्क्रू थोडाथोडा आवळत, मी दांडा फिरवत असे, ते माझ्या तोंडाकडे बघत. दांडा मध्यावर हवा तेवढाच थबकला की मी मान हलवायची.

मग त्यांच्या पायाला जखम झाली, ती भरेना. महाडच्याच दवाखान्यात होते. मी दुपारी पेज घेऊन गेले, तर काकी, म्हणजे मेस्त्रींच्या पत्नी, जिन्यातच भेटल्या. त्यांनी माझा हात धरला. "सारखी त्या गाडीची चौकशी करतायत गो. दासगाववाली गाडी गावली म्हणून सांग. तुझं ऐकतील. जीव तरी शांत होईल."

मी हो म्हटलं. वर जाईपर्यंत मनात तेच घोळवत होते, गावली, कराडला गावली, बॉक्स बरोबर हाय.

मेस्त्रींचा चेहरा बारीक झाला होता. पेज बघितलीही नाही. त्यांनी विचारलं, "गावली काय गो?"

काकी माझ्यामागे उभ्या होत्या. मी पेजेचं झाकण लावलं, तर त्यांनी परत विचारलं.

"नाय, मेस्त्री," मी म्हटलं. "अजून नाय गावली."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मग बघत ऱ्हा."

चौथ्या दिवशी ते गेले. काकी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शेड आता दुसऱ्याने घेतली आहे, तिथे टायर विकतात. मी पोलादपूरला एका गॅरेजमध्ये कामाला जाते. स्टँडवर एसटीची वाट बघताना पांढरी जीप आली की मी पुढे होऊन नंबर वाचते. गाडी वेगात असली तर शेवटचे दोन आकडे राहून जातात.