एकमतासाठी प्रार्थना

चर्चच्या पाळकसाहेबांना माणसं सांभाळायची एकच युक्ती ठाऊक होती: कुणाचं कुणाशी जमू द्यायचं नाही. दोघं हसून बोलताना दिसले की साहेब लगेच मध्ये जाऊन उभे राहायचे. भांडण लागलं की मात्र मिटवायला पहिले हजर. चहा प्यायचे, प्रार्थना करायचे आणि खुशीत घरी यायचे. आधी काडी टाकायची आणि मग बादली घेऊन धावायचं, असा हा मेंढपाळ!

मंडळीतला सुतार आणि क्वायरच्या, म्हणजे चर्चच्या गायनवृंदाच्या, बाई यांचा अबोला हे त्यांचं सगळ्यात जुनं काम. सुताराच्या कानात त्यांनी हळूच सांगितलं होतं, "बाई म्हणतात, तुमच्या बाकांवर बसून पाठ मोडते. मी म्हटलं, जाऊ द्या." बाईंना सांगितलं, "सुतार म्हणतो, यांच्या गाण्यापेक्षा माझा रंधा बरा. मनावर घेऊ नका हं." तेव्हापासून दोघं एकमेकांना निरोप धाडायचे तेही साहेबांमार्फत. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळीत दोघंही होते, पण खुर्च्या दोन टोकांना. आणि दर रविवारी साहेब डोळे मिटून विनवायचे, "प्रभू, या मंडळीला एकमत दे." मंडळी बिचारी 'आमेन' म्हणायची. माणूस लबाड होता, हे सरळ सांगून टाकलेलं बरं.

यंदा साहेबांच्या नेमणुकीची मुदत संपत होती. ती वाढवायची तर पंचमंडळीचं बहुमत हवं. फुटलेल्या माणसांतून निम्म्याहून जास्त आपल्याकडे ओढणं हा साहेबांचा हातचा मळ. ते इतके निर्धास्त, की बैठकीच्या आधीच्या आठवड्यात परगावी एका शिबिरात 'पाळकाचं नेतृत्व' या विषयावर भाषणं द्यायला निघून गेले.

इकडे सरावात क्वायरच्या चौथऱ्याची फळी मोडली आणि बाईंचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. निरोप न्यायला साहेब नव्हते, म्हणून कुणीतरी सुतारालाच हाक मारली. तो करवत घेऊन आला.

"हलू नका. लागेल."

"लागू दे. तसंही माझ्या गाण्यापेक्षा रंधा बरा ना तुम्हाला?"

करवत थांबली. "हे कोण म्हणालं?"

"तुम्हीच. पाळकसाहेबांनी सांगितलं."

"आणि माझ्या बाकांनी पाठ मोडते, हे?"

"मी म्हणाले? अहो, माझ्या दुखऱ्या पाठीला तुमचं तेवढं बाक मानवतं!"

सुतार करवत टाकून उठलाच. मग बाई म्हणाल्या, "आधी पाय काढा. मग बघते त्या मेल्याकडे."

त्या आठवड्यात सुतार आणि बाई पंचमंडळीतल्या एकेकाच्या घरी गेले, बाई लंगडत लंगडत. प्रत्येक घरात साहेबांचं एक तरी 'मी म्हटलं, जाऊ द्या' निघालंच.

बैठकीला साहेब टवटवीत चेहऱ्याने आले. सुतार आणि बाई शेजारी शेजारी बसलेले दिसले, तसा चेहरा उतरला. तरी सवयीने त्यांनी डोळे मिटून तीच प्रार्थना केली. या खेपेला 'आमेन' जरा जोरातच आलं.

"मुदत वाढवावी, असं कुणाला वाटतं?" चिटणीसांनी विचारलं. एकही हात वर झाला नाही.

"आणि वाढवू नये?" झाडून सगळे हात एकदम वर गेले, चिटणीसांचाही.

साहेब धडपडत उठले. "असं कसं? मला बोलू द्या. एकेकट्याशी बोलू द्या."

"इथेच बोला की," सुतार म्हणाला. "सगळ्यांदेखत."

साहेबांनी तोंड उघडलं, पण सगळ्यांदेखत बोलता येईल असं एकही वाक्य त्यांच्याकडे नव्हतं.