आबांचं चौकोनी नाणं

नव्वदच्या दशकात मी बारामतीला मास्तर होतो आणि जुन्या परदेशी नाण्यांपायी घरच्यांची बोलणी खात होतो. सराफाकडे मोडीत युरोपातलं चांदीचं नाणं आलं, की आटवण्याआधी तो मला दाखवायचा. त्यानेच एकदा सांगितलं, की नरसिंहपूरजवळ आबा म्हणून एका म्हाताऱ्या लष्करी पेन्शनराकडे चौकोनी नाणं आहे.

मी एसटीने गेलो. आबांनी चंचीतून नाणं काढलं आणि मी ते उजेडात धरलं. शिवकाळाच्याही आधीचं होतं ते. वेढ्यात अडकलेल्या शहरात शिपायांच्या पगाराला पैसा उरला नाही, की चर्चमधली चांदीची भांडी कापून अशी नाणी पाडत. लोक तोवर उंदीर खायला लागलेले असत. हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

आबा म्हणाले, "मला बी ते भुकंपायीच मिळालंय, मास्तर. इटलीत लढाईला हुतो. एका बाईनं पोरासाठी पाव मागितला अन् हे हातात ठिवलं. तेवढ्यात आमची गाडी सुटली. मी पळत जाऊन चढलो. पाव वरनं फेकता आला असता. न्हाय फेकला."

आमच्याकडे घरातला कर्ता माणूस गेला, की चांदीच्या पत्र्यावर त्याचा टाक उठवून देव्हाऱ्यात बसवतात आणि सणासुदीला त्याला नैवेद्य दाखवतात. आबांना त्याचीच धास्ती होती.

"घरात चांदी एवढीच हाय. पोरं ह्याचाच टाक करत्याल. माझं पाय गेलं, अन् पोरं काय चांदी पाण्यात टाकायची न्हाईत. तुमी न्या. पैसं नकोत. फकस्त हितल्या नदीच्या संगमात सोडा."

असलं नाणं पाण्यात? मी चिडलोच. आबांना वेड्यात काढून तडक निघून आलो.

पण नाणं काही डोळ्यांपुढून हलेना. शेवटी ठरवलं, 'सोडतो' म्हणून घ्यायचं आणि गुपचूप डब्यात ठेवायचं. परीक्षा, सुट्ट्या करता करता वर्ष गेलं. अक्षय्य तृतीयेला मी खोटं बोलायची तयारी करून त्यांच्या दारात उभा राहिलो.

"बरं झालं आलात," मुलगा म्हणाला. "आबा दिवाळीतच गेलं. आज त्यास्नी देवात बसवलं. त्यांच्याच चांदीचा टाक केलाय."

देव्हाऱ्यात टाकावरचा नवाकोरा घोडेस्वार चमकत होता. नाण्याचं एक अक्षरही उरलं नव्हतं. सुनेने त्याच्यापुढे पुरणपोळी ठेवली, हात जोडले आणि म्हणाली, "आबा, पोटभर जेवा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिने तोच नैवेद्य माझ्या ताटात वाढला आणि मी तो खाल्ला.