दुपारी गोठ्यात कोण जात होतं

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता नीट आठवतही नाहीत. एका गाईच्या मरणाचा तपास मात्र अजून डोक्यातून जात नाही.

कोल्हापूरपासून तासाभरावरच्या एका ठाण्यात मी तेव्हा सहायक निरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपते न संपते तोच एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, गाय मेलीया. विष घातलंय म्हणत्यात. लोकं तापल्यात, लवकर या."

आमच्या भागात दोन वेळच्या डेअरीच्या दुधावर घरं चालतात. जनावराला विष घातल्याची तक्रार कोणी हसण्यावारी नेत नाही. मी दोन हवालदार घेऊन निघालो.

गोठ्यात महिन्यापूर्वी बाजारातून आणलेली संकरित गाय आडवी पडली होती. शेजारी एक तांबडी गाय मान खाली घालून उभी होती. मालक तरणा शेतकरी. त्याने संशय थेट बोलून दाखवला. शेजारच्या म्हाताऱ्याने आदल्या वर्षी ही तांबडी त्याला विकली होती आणि तेव्हापासून तो नीट बोलत नव्हता. घरचे सगळे शेतावर असताना भरदुपारी तो हातात डबा घेऊन गोठ्यातून निघाला, हे पलीकडच्या बाईने दोनदा पाहिलं होतं.

म्हाताऱ्याच्या घराच्या झडतीला दहा मिनिटं पुरली. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन बेळगावकडे. पडवीत पत्र्याचा डबा सापडला. झाकण उघडलं, रॉकेलचा भपकारा आला, झाकण लावलं. पंचांसमोर डबा सील करून मुद्देमालात घेतला. तळाशी काय आहे ते मी पाहिलं नाही. पुढे शिपायांना शिकवताना मी ही चूक स्वतःच्या नावासकट सांगत असे.

ठाण्यात त्याला बाकावर बसवलं. "मामा, दुसऱ्याच्या गोठ्यात कशाला जात होता?"

मी आवाज चढवला, मग उतरवला, चहा पाजला. सगळं करून झालं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "त्या तांबडीला बी ताप हाय. कान तापल्यात तिचं. डाक्टर बोलवा."

"तिला ताप आहे हे तुम्हाला कसं ठाऊक?"

त्याने चहाचा रिकामा कप बाकाखाली सरकवला. मला वाटलं, सापडला. दुसऱ्या गाईलाही यानेच घातलंय, म्हणून तर याला माहीत. मी मोठ्या तोऱ्यात स्टेशन डायरीत तशी नोंद केली. जनावरांच्या डॉक्टरांकडे तीन गावांचा कार्यभार होता, ते दुसऱ्या दिवशी येणार होते. मी जोर लावला असता तर त्याच दिवशी आले असते. पण संशयित हातात होता, मला घाई नव्हती. आणि तो बिचारा दिवसभरात चार वेळा तेच म्हणाला, "डाक्टर बोलवा."

संध्याकाळी त्याला सकाळी हजर राहण्याची समज देऊन सोडलं. गावातलं कोणी न्यायला आलं नव्हतं. तो एकटाच चालत गेला.

सकाळी शेतकरी धावत आला. तांबडीने वैरण सोडली होती. आदला दिवसभर म्हातारा माझ्यासमोर होता, तेव्हा माझा हिशेब चुकतोय हे लक्षात आलं. मी जीप पाठवून डॉक्टरांना उचलूनच आणलं.

त्यांनी मेलेली गाय फाडली. कातडीखाली सगळं पिवळं, रक्त पाण्यासारखं पातळ. मग तांबडीची पापणी उलटी केली, ती पांढरीफटक. "विष नाही, साहेब. हा गोचीड ताप. गोचीड चावली की जंतू रक्तात शिरतो आणि रक्तच संपवतो. बाजारातून आलेल्या गाईने आणला असणार." त्यांनी तपासायला रक्त घेतलं, तांबडीला इंजेक्शन दिलं आणि मग तिच्या कासेवरून हात फिरवत थांबले. "मेलेल्या गाईच्या कानात गोचिडी लोंबतायत. हिच्या अंगावर मोजक्याच. हिच्या कोणीतरी रोज हातानं वेचतंय."

मी शेतकऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "आमी न्हाय बा."

ठाण्यात येऊन त्याच पंचांसमोर सील फोडलं. रॉकेलच्या तळाला वाटाण्याएवढ्या फुगलेल्या गोचिडींचा थर होता.

म्हातारा बाकावर बसलेलाच होता. मी विचारलं, "नव्या गाईच्या का नाही काढल्या?"

"ती लाथा झाडती. हात लावू देईना."

"मग काल का नाही सांगितलं?"

त्याने पंचांकडे पाहिलं. मी त्यांना बाहेर पाठवलं. "चार माणसांत काय सांगायचं, साहेब? घरात करमत न्हाय, म्हणून इकलेल्या गाईपाशी जाऊन बसतो म्हणून? त्यापरास विष घातलं म्हना की."

तांबडी जगली. रक्ताचा अहवालही तोच आला. शेतकऱ्याने सगळ्यांसमोर त्याचे पाय धरले. "काका, कवा बी या की गोठ्यात." म्हाताऱ्याने मान हलवली, पण तो पुन्हा गेला नाही. पोलीस पाटलांनीच मला हे नंतर सांगितलं. विष घालणारा म्हणून एकदा नाव घेतलं गेलं की त्या दारातून आत जाणं सगळ्यांना जमत नाही. त्याचं ते एकच ठिकाण होतं आणि ते माझ्या तपासाने गेलं. गुन्हा कबूल करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, एकटेपण कबूल करणारा हा एकच.

शेवटचा जबाब घेतला त्या दिवशी मी त्याला मोठ्या मनाने म्हणालो, "मामा, आता तुम्हाला ठाण्यात यावं लागणार नाही."

"अजाबात न्हाय?"

"अजिबात नाही."

तरी तो संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होता. गुडघे दुखत असतील असं मला वाटलं. शेवटी हवालदाराने त्याला एसटीत बसवून दिलं.

आता मी राजारामपुरीत फ्लॅटमध्ये राहतो. बायको जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा परदेशात. गेल्या महिन्यात एका जुन्या खटल्यात साक्षीचं समन्स आलं, तर मी आदल्या दिवशीच बुटांना पॉलिश करून ठेवलं. साक्ष पंधरा मिनिटांत आटोपली. बाहेर आल्यावर मी सरकारी वकिलांना विचारलं, "पुढची तारीख?"

"पुढची कसली, साहेब?" ते हसून म्हणाले. "सुटलात तुम्ही."