पाण्याला भिणारा वायरमन

पुसदला ट्रॅक्टरचं वायरिंग करणारा एक जण आहे. धरणावरच्या आमच्या मासेमारीच्या नावेवरचा दिवा, पाणी उपसायचा पंप आणि मोबाइलचा चार्जर त्यानंच बसवला. पण नाव काठावर ओढून दिली तरच तो हात लावतो, कारण पाण्याला भितो. वायरीशी गोडीनं बोलतो, गिऱ्हाइकावर मात्र खेकसतो.

दिव्याचा फ्यूज सारखा उडायचा, म्हणून मी त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली होती. ती पाहून तो म्हणाला, "हे काहून केलं बे? फ्यूज जळाला तं दिवा जाते. फ्यूज नाही जळाला तं नाव जळते."

नावेच्या कडेला घासून सोलवटलेली वायर त्यानं बदलली आणि बॅटरीजवळ तिन्हींना वेगवेगळे फ्यूज लावले.

"पण भाऊ, धरणाच्या मधात बंद पडलं तं?" मी विचारलं.

संध्याकाळी तो जीपची फुगवलेली ट्यूब कमरेत घालून आला आणि डोळे मिटून नावेत बसला. एक हात ट्यूबवर, दुसरा फ्यूजच्या डबीवर.

मधात जाऊन मी सगळं एकदम सुरू केलं.

"चालू हाय का?"

"चालू हाय, भाऊ."

"मंग फिरव नाव, बाप्पा," तो म्हणाला. डोळे त्यानं काठावरच उघडले.