पुलापलीकडची रेवा

आधीच सांगून ठेवते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. नवऱ्यावरही फारसा ठेवत नाही, पण तो वेगळा विषय. या ग्रुपवरचे तुमचे अनुभव मी जेवताना वाचायचे आणि मनात म्हणायचे, काय एकेक फेकतात लोक! आता माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे, तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा. भूतबीत नाहीये यात. नवरा आहे, त्याची पहिली बायको आहे, मी आहे... आणि आणखी एक जण आहे, तिच्याकडे येतेच.

मी मुग्धा. पुण्याची, कोथरूडची. २०१९ मध्ये लग्न होऊन आयर्लंडला आले. आम्ही डब्लिनजवळ डून लेरीला राहतो, डार्टच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. नवरा अनिकेत, सॉफ्टवेअरमध्ये. माझं पहिलं लग्न, त्याचं दुसरं. त्याने सगळं आधीच स्वच्छ सांगितलं होतं. घरच्यांनी थोडी खळखळ केली, मी म्हटलं, मला चालेल. चालेल म्हणायला काय जातं हो!

पहिलीचं नाव केतकी. घरात तिचा एकही फोटो नव्हता, त्याने सगळे उडवून टाकले होते. सुरुवातीला मला वाटलं, बरं झालं. बरं कुठलं! फोटो असता तर निदान नाक नकटं आहे, रंग सावळा आहे, काहीतरी काढता आलं असतं. फोटोच नाही म्हटल्यावर माझ्या डोक्यातली केतकी दिवसेंदिवस सुंदर होत गेली. त्यात आला लॉकडाऊन. दोघं चोवीस तास एका घरात. एकदा आमटी जेवताना तो सहज बोलून गेला, "केतकी हिंग जरा जास्त घालायची." झालं! पुढे कितीतरी दिवस मी कशातच हिंग घातला नाही. साध्या वरणातसुद्धा नाही. त्याला गॅस झाला, होऊ दे.

२०२० च्या उन्हाळ्यात माझ्या व्हिसाचं नूतनीकरण आलं. पहिल्या वेळी अनिकेतच्या घटस्फोटाच्या आदेशाची साधी झेरॉक्स चालली होती. आता म्हणे कोर्टाच्या शिक्क्याची प्रत हवी. ती काही घरात सापडेना. म्हणजे मी इथे कायद्याने बायको आहे की नाही, हे ठरणार केतकीच्या कागदावरून! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"कुठल्या कोर्टात झाला होता?" मी विचारलं.

त्याने एका गावाचं नाव सांगितलं. ते मी इथे देत नाही, कारण फॅमिली कोर्टाचं सगळं बंद दाराआड असतं आणि मला नसती भानगड नको. एवढं सांगते की गाव शॅनन नदीवर आहे. मधून नदी जाते, वर जुना दगडी पूल आहे. पुलाच्या अलीकडचं गाव एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, पलीकडचं दुसऱ्या. पहिल्या नोकरीसाठी अनिकेत तिथे होता, लग्न झाल्यावर केतकीही तिथेच आली. पुढे ते वेगळे झाले, हा डब्लिनला आला. अर्ज तिने केला, तारखेला तीच गेली, याने घरबसल्या सह्या केल्या. त्यामुळे कोर्ट नेमकं कोणतं, हे या शहाण्याला धड माहीत नव्हतं.

असली रेकॉर्ड्स ऑनलाइन नसतात, आणि त्या दोघांशिवाय कोणाला दाखवतही नाहीत. फोन केला तर वाजत राहायचा. शेवटी सप्टेंबरमध्ये, प्रवासाला परवानगी होती तेव्हा, अनिकेतचं अधिकारपत्र घेऊन मीच ट्रेनमध्ये बसले. त्याच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. आणि खरं सांगायचं तर मलाच जायचं होतं.

अलीकडच्या काठावरच्या ऑफिसात प्लास्टिकच्या काचेमागे एक बाई होती. तिने बराच वेळ शोधलं. मग मास्क सारखा करत म्हणाली, "इथे नाही गं. घर पुलाच्या कुठल्या बाजूला होतं?"

मी पत्ता वाचून दाखवला.

"अगं, ते पलीकडे! ती दुसरी काउंटी, त्यांचं कोर्टही वेगळं. ऑफिस या गावात नाही त्यांचं. पण नवऱ्याने सही करून अर्ज पाठवला की पोस्टाने देतील. ग्रँड?"

ग्रँड. म्हणजे इथल्या भाषेत 'ठीक आहे'. काम झालं होतं. परतीच्या ट्रेनला अवकाश होता, तर गुपचूप कॉफी पीत बसायचं ना? पण नाही. घर पुलापलीकडेच, हे कळल्यावर माझे पाय थांबेनात. पत्त्याची खात्री करायची हे निमित्त. मला तिचं घर बघायचं होतं. खिडक्या केवढ्या होत्या, स्वयंपाकाचा ओटा रस्त्यावरून दिसतो का... हसू नका, तुम्हीही गेला असतात.

पूल ओलांडला आणि कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाच्या दुकानात पाण्याची बाटली घ्यायला शिरले. गल्ल्यावर लाल दाढीचा दांडगा माणूस होता, दाढी मास्कच्या बाहेर सांडलेली. मला बघून दोन्ही हात पसरले त्याने.

"रेवा! परत आलीस होय!"

मी म्हटलं, माझं नाव रेवा नाही. तो हसला, "मास्कमागे लपतेस काय," म्हणाला आणि बाटलीबरोबर एक चॉकलेट फुकट दिलं. मी बाहेर आले. म्हटलं, गोऱ्यांना आपण सगळ्या सारख्याच, त्यात मास्क. असेल कोणी रेवा. पण एक गोष्ट खटकली. माझ्या नावाचं हे लोक 'मगडा' करतात. आणि हा माणूस रेवा असं म्हणाला की जसं माझी आई म्हणेल.

घर सापडलं. साधंच होतं, पिवळ्या दाराचं. मी फाटकाशी उभी राहून ओटा दिसतो का ते बघत होते, तेवढ्यात शेजारच्या अंगणातून एक थोराड काळा कुत्रा सुटला. मला कुत्र्यांची भयंकर भीती. मी जागच्या जागी गार! तो आला, मला हुंगलं आणि माझ्या बुटांवर हनुवटी टेकून चक्क आडवा झाला.

"बघा, ओळखलं की नाही!" मागून एक म्हातारी आली, ब्रीडा नाव तिचं. "पोस्टमनला चावतो मेला, पण रेवा म्हटली की लोणी." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "आणि ते कुरळे केस कुठे गेले गं? किती सुंदर होते!"

माझे केस लहानपणापासून सरळसोट आहेत, झाडूसारखे. मी सांगितलं, तुम्ही माणूस चुकताय. ती ऐकेचना. वर मला विचारते, "आणि अनिकेत कसा आहे? तुझ्याशिवाय पान हलायचं नाही त्याचं. अख्ख्या रस्त्याला माहीत होतं, केवढा जीव तुझ्यावर!"

अनिकेत म्हणाली हो ती. स्पष्ट.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. केतकी एक वेळ ठीक, ती सांगून-सवरून होती. पण ही रेवा कोण? कुरळ्या केसांची, जिच्याशिवाय याचं पान हलत नव्हतं? म्हणजे केतकीच्या पाठीमागे हे उद्योग चालले होते आणि मी मूर्खासारखी हिंगावरून रुसत बसले!

मी तरातरा पूल ओलांडून परत आले. अलीकडच्या काठावर स्टेशनच्या रस्त्याला तोच लाल दाढीवाला समोरून येताना दिसला, हातात सँडविच. मी ठरवलं, याला धरून विचारायचं. आडवीच गेले.

"रेवा कोण? सांगा मला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मास्क मी काढलेला होता. "सॉरी," तो म्हणाला, अगदी प्रामाणिकपणे, "आपण कधी भेटलोय का?"

चॉकलेट माझ्या पर्समध्ये होतं. मी ते काढून त्याच्यासमोर धरलं. तो जरा घाबरला आणि रस्ता ओलांडून निघून गेला.

घरी आल्यावर बूट काढायच्या आधी विचारलं, "रेवा कोण?"

मला वाटलं होतं, ततपप करेल किंवा आवाज चढवेल. पण तो खाली बसला. पांढराफटक पडला होता. म्हणाला, "पुन्हा?"

"पुन्हा म्हणजे?"

"मी कुठल्याही रेवाला ओळखत नाही, मुग्धा. तुझी शपथ. पण तू विश्वास ठेवणार नाहीस. तिनेही नव्हता ठेवला. केतकीलाच विचार." आणि उठून झोपायला गेला. जेवलाही नाही.

आयर्लंडात मराठी माणसं अशी किती, दोन ओळखींत कोणाचाही नंबर मिळतो. केतकी आता नदीच्याच नावाच्या शॅनन गावात होती, विमानतळाशेजारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन लावला. म्हटलं, "मी अनिकेतची बायको बोलतेय." नाव सांगायचं सुचलंच नाही. आवाज छान होता तिचा, हेही मला खुपलं.

मी सगळं सांगितलं. दाढीवाला, कुत्रा, कुरळे केस. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला रेवा नाही म्हणायचे ते."

"मग?"

"लग्न होऊन आले ना, पहिल्याच आठवड्यात. पंपावर, ब्रीडाकडे, सगळीकडे. 'तू परत आलीस!' आणि एकच नाव, स्पष्ट, आपल्यासारखं. मुग्धा. मुग्धा अशी, मुग्धा तशी, अनिकेत मुग्धावर कसा जीव टाकायचा. तो शपथा घ्यायचा की मी अशा कोणालाच ओळखत नाही. मी वेडी झाले गं. त्याचे शर्ट हुंगायचे, फोन तपासायचे. मुग्धा, मुग्धा... त्या नावानेच मोडलं आमचं." मग तिने विचारलं, "तुझं नाव काय म्हणालीस?"

 मी म्हटलं, "मुग्धा."

 मग अगदी हळू विचारलं तिने, "तुझ्या पुढच्या दोन दातांमध्ये फट आहे का? ब्रीडा मला नेहमी म्हणायची, 'ती फट कुठे गेली, किती गोड दिसायची.'"

माझी जीभ आपोआप त्या फटीकडे गेली. आहे. लहानपणापासून.

"पण तेव्हा मी कोथरूडला होते!" मी जवळजवळ ओरडलेच. "कॉलेजात जर्नलं पूर्ण करत होते. अनिकेतला ओळखतही नव्हते!"

"हो ना," ती म्हणाली. आणि हसली की रडली, कोण जाणे. "किती जळले मी तुझ्यावर."

मी तिच्यावर जळत होते आणि ती माझ्यावर जळून कधीच निघून गेली होती.  फोन ठेवताना ती म्हणाली, "ऐक. घर सोडू नकोस. मी सोडलं, आणि तू आलीस."

नाही सोडलं. माझं नाव कळलं तेव्हाच का नाही बोललास, असं अनिकेतला विचारलं, तर म्हणाला, "योगायोग वाटला, आणि सांगितलं असतं तर केलं असतंस लग्न?" पुलापलीकडच्या काउंटीतून शिक्क्याची प्रत पोस्टाने आली, व्हिसा झाला. ऑक्टोबरमध्ये कळलं की मला दिवस गेलेत. हिशेब केला तर पुलावर गेले तेव्हाही मी गरोदर होतेच, फक्त मला माहीत नव्हतं. २०२१ च्या मे महिन्यात मुलगी झाली. आईबाबांना येता येईना, म्हणून बारसं झूमवर. अनिकेतच्या बहिणीने पुण्याहून स्पीकरवर कुर्र केलं आणि मी सांगितलं होतं तेच नाव घेतलं. रेवा.

अनिकेत आधी ऐकून हादरलाच होता. "हेच नाव? का?"

"यायचीच असेल तर माझ्या पोटी येऊ दे," मी म्हटलं. "डोळ्यांसमोर राहील."

आता डोकेबाज लोक खाली लिहितील की गावात आणखी कोणी मुग्धा आणि रेवा असतील, अनिकेत खोटं बोलतो, केतकीने सूड उगवला. लिहा. माझं हे सगळं स्वतःशी बोलून झालंय. ज्या दिवशी केतकी पहिल्यांदा त्या पंपावर गेली, त्या दिवशी माझं नाव त्या गावात कोणाला माहीत असायचं काही कारण नव्हतं. आणि पुलापलीकडचे मला ओळखतात पण अलीकडे आले की विसरतात, ते कसं, तेही सांगा. मी पुन्हा तिकडे गेले नाही, जाणारही नाही.

मला वाटलं होतं, मी जिंकले. पण हल्ली अनिकेतचं ऑफिस पुन्हा सुरू झालंय. संध्याकाळी दार उघडलं की पहिली हाक, "रेवा!" मी दिसतसुद्धा नाही त्याला. खरंच पान हलत नाही तिच्याशिवाय. पोटची पोर आहे, कळतं मला, पण पोटात जळतं ते जळतंच.

परवा मी पोळ्या करत होते. तो तिला कडेवर घेऊन ओट्याशी आला, तिच्या जावळात बोटं घालून म्हणाला, "बघ ना, कुरळे होताहेत. आपल्या दोन्ही घरांत कोणाचेच कुरळे नाहीत ना गं?"

मी म्हटलं, "नाहीत." तव्यावरची पोळी करपली.