आईची एंट्री

बाबा गेले तेव्हा मी रडले नाही. शाळेत रजेचा अर्ज दिला, आलेल्यांच्या चहाचं पाहिलं, मार्कंड्याला जाऊन वैनगंगेत राख सोडली, तेरवीला किती पत्रावळी लागतील ते सांगितलं. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. मी खंबीर वगैरे काही नव्हते. आत काही हलतच नव्हतं. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतो आणि मग आपल्याच गालाला हात लावला तरी तो दुसऱ्याचा वाटतो, तसं. फरक इतकाच की ती सुई तासाभरात उतरते आणि माझी पावसाळा उलटला तरी उतरली नव्हती.

बाबा झाडीपट्टीच्या नाटकांत जाझ वाजवायचे. जाझ म्हणजे आमच्याकडे ड्रमचा अख्खा संच: पायानं वाजवायचा मोठा ड्रम, पुढ्यातले लहान ड्रम आणि बाजूला पितळी थाळ्या. दिवाळीपासून होळीपर्यंत ते वडसाच्या नाटक कंपन्यांबरोबर गावोगाव फिरत. उरलेले महिने नागभीडजवळच्या आमच्या गावात, धानाच्या बांधीत. त्या उरलेल्या महिन्यांतच कॅसेट कंपन्यांचे निरोप यायचे. मग एसटीच्या टपावर ड्रम चढवून ते नागपूरला, चंद्रपूरला, एकदा तर पार सिरोंच्यापर्यंत जाऊन आले. कॅसेटच्या कव्हरवर गायकाचं नाव असे, कंपनीच्या मालकाचं असे, कधी मालकाच्या बायकोचंही असे. वाजवणाऱ्याचं कधीच नसे. बाबांना त्याचं काही वाटत नव्हतं, मला मात्र शाळेत असल्यापासून राग यायचा. माझा स्वभाव मुळातच चिडका.

तेरवीनंतर आई माझ्याकडे, माझ्या नोकरीच्या गावी पोंभुर्ण्याला राहायला आली. तिचा डावा कान केव्हाच गेला होता. उजवा दाखवायला चंद्रपूरला नेलं, तर डॉक्टर म्हणाले, थोडंच उरलंय आणि तेही भराभर कमी होतंय, मशीनचा फारसा उपयोग नाही. परतीच्या एसटीत मी हे तिला ओरडून सांगितलं, त्यामुळे अख्ख्या गाडीला कळलं.  घरी आल्यावर आई दारात चपला काढताना म्हणाली, "मंग मले थे एकदा आयकाचं हाय."

"काय?"

"तुया बापानं माही एंट्री वाजोली होती कॅसेटीत."

एंट्री म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या नाटकांत पात्र आत येण्याआधी जाझवाला त्याची एंट्री वाजवतो. खलनायकाची वेगळी, हवालदाराची वेगळी, नायिकेची वेगळी. ठोका ऐकला की कोण येणार ते लोकांना आधीच कळतं आणि शिट्ट्या सुरू होतात. बाबांना ही खोड घरीही होती. मी शाळेतून आले की खाटेच्या पाटीवर माझी एंट्री वाजायची, तीन चिडके ठोके. आई विहिरीवरून पाण्याचा गुंड डोक्यावर घेऊन आली की जे हाताशी असेल त्यावर तिची. परातीवर, सुपावर, एकदा पाहुण्यांच्या सुटकेसवर. आई लाजून म्हणायची, "बंद करा जी, लोक पाह्यतेत."

"कोणत्या कॅसेटीत वाजवली?" मी विचारलं.

"थे का मले मालूम? लय कंपन्यात वाजोलं त्यानं."

मग तिनं स्टीलचं ताट पालथं घातलं आणि बोटांनी मला तो ठोका दाखवला. एक जड, मग हलका, पुन्हा जड, पुन्हा हलका. हलका ठोका दर वेळी उशिरा पडत होता. मला वाटलं, म्हाताऱ्या बोटांना जमत नाही. मी तो मनातल्या मनात दुरुस्त करून वहीत उतरवून घेतला. मास्तरीण आहे मी, समोर आलेलं तपासून सुधारायची सवयच लागली आहे.

शोध सुरू केला तो एक काम म्हणून. आईचा कान जाण्याआधी ते मिळालं पाहिजे, बस्स. बाबांबरोबर वीस-बावीस वर्षं ऑर्गन वाजवणारे एक भाऊ नागभीडला राहतात. एका रविवारी त्यांच्याकडे गेले. त्यांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली आणि कॅसेटी माझ्या पिशवीत भरल्या, वर आपला टेपही दिला. म्हणाले, "ने बाई. इथी कोण आयकते आता." काही गाणी कुणीतरी इंटरनेटवरही टाकली होती, ती मोबाइलवर मिळाली.

रोज शाळेतून आल्यावर मी ऐकायला बसायचे. मोराच्या चित्राच्या कंपनीनं लावण्या काढल्या होत्या. तिथले बाबा मला ठाऊक होते, धबाधबा वाजवणारे, थाळी फुटेल की काय असं वाटायला लावणारे. मालकाला तसंच हवं असणार. बैलजोडीच्या कंपनीनं दंडारीची, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याची गाणी काढली, त्यात ते ढोलकीच्या मागे मागे चालत होते, पाहुण्यानं घरच्या माणसाला पुढे जाऊ द्यावं तसे. पिवळ्या कव्हरची भजनं होती. त्यात त्यांनी ड्रमला जवळजवळ हातच लावला नव्हता, नुसती थाळी काठीच्या टोकानं हलकेच चाळवली होती. सिरोंच्याच्या कंपनीची तेलुगू लग्नगीतं होती आणि तिथे तर मला ते ओळखूच येईनात. भाषा येत नाही म्हणून की काय, त्यांनी गाणाऱ्या बाईचा श्वास धरून वाजवलं होतं. ती थांबली की थांबायचं, ती निघाली की निघायचं.

मी माझ्या वहीत लिहिलं: बाबांना हळू वाजवता येत होतं. इतकी वर्षं एका घरात काढून मला हे माहीत नव्हतं. हे वाचून कुणाला तरी भरून यायला हवं होतं. मी वही मिटून भात लावला.

मोराच्याच कंपनीनं एक अख्खं नाटक तीन कॅसेटींत काढलं होतं. त्यातल्या दुसऱ्या कॅसेटीत मला ती एंट्री सापडली. जड, हलका, जड, हलका, स्वच्छ आणि डौलात, आणि पाठोपाठ नायिकेचा आवाज. मी माझ्या वहीशी ताडून पाहिलं. तंतोतंत. आईला हाक मारली, म्हणजे खांद्याला धरून उठवलं. टेप तिच्या उजव्या कानाशी धरला आणि आवाज पूर्ण सोडला. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

तिनं ऐकलं. दोनदा ऐकलं. मग मान हलवली.

"हा नाई."

"अगं, तूच तर ताटावर वाजवून दाखवलास!" मी ओरडले. बहिऱ्या माणसावर ओरडलं की एक बरं असतं, राग कळत नाही.

"हा तं थो सगळ्या हिरोइनीले वाजवे," आई म्हणाली. "हा चांगल्या पायाचा हाय."

मी पोटात असताना, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत, आई बांधावरून घसरली होती. डावा घोटा नीट बसलाच नाही. ती तेव्हापासून लंगडते. मी तिला कधी सरळ चालताना पाहिलेलंच नाही, त्यामुळे ते माझ्या लक्षातही येत नाही. बाबांनी नायिकेची एंट्री घरी आणली होती आणि ती आईच्या पायाला बेतली होती. हलका ठोका उशिरा पडत होता तो तिच्या बोटांमुळे नव्हे. तो तसाच होता. आणि मी महिनाभर बसून तिची चाल सरळ करून शोधत होते. मला स्वतःची लाज वाटली, म्हणजे वाटायला हवी एवढं कळलं.

पुढच्या रविवारी पुन्हा नागभीड गाठलं. ऑर्गनवाल्या भाऊंना विचारलं, "भाऊ, बाबांचा ठोका कुठे चुकला होता का? कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये?"

ते हसले. "चुकला? थ्यानं मुद्दाम चुकोला. गोंडी गाण्याची कॅसेट होती, एटापल्लीकडच्या बाया गायला आल्या होत्या. मालक काचेमागून हात हालवून राह्यला, थांबवून राह्यला. म्हणे, लंगडं वाजून राह्यलं. तुहा बाप म्हणे, बरोबर हाय. तिनदा थांबोलं, तिनदा तसंच वाजोलं. मंग मालक कटाळला."

"मग ती का नाही दिली मला?"

"तू तवा चुकलेल्या ठोक्याचं कुठी विचारलं? अन् माह्यापाशी होतीच कुठी? गाणाऱ्या बाईपाशी हाय एक."

त्यांनी फोन केला. आठेक दिवसांनी ती कॅसेट एका कंडक्टरकडून दुसऱ्या कंडक्टरकडे अशी हातोहात एसटीनं पोंभुर्ण्याला आली. कव्हर नव्हतं, नुसता पांढरा कागद चिकटवलेला. बायका एका सुरात गात होत्या. गाण्यात कुणी येत नव्हतं, कुणी जात नव्हतं, एंट्रीचं काही कारणच नव्हतं. दुसरं गाणं संपता संपता तो ठोका आला. जड. मग पोकळ जागा. मग हलका. चार पावलं, आणि गाणं संपलं.

मी टेप आईच्या कानाशी धरला. तिनं डोळे बारीक केले. पुन्हा लावला. पुन्हा. तिनं मान हलवली, पण या वेळची मान वेगळी होती.

"येत नाई आयकू," ती म्हणाली.

मला उशीर झाला होता. त्यातला महिनाभर मी चुकीची चाल शोधण्यात घालवला होता.  आईनं टेपच्या जाळीवर तळवा ठेवून पाहिला. "नुसतं थरथरून राह्यलं," म्हणाली. गाणं, ऑर्गन, सगळंच एकात.

मग मी टेप मागे फिरवला आणि तिच्या पाठीमागे जाऊन बसले. गाण्याचा शेवट आला तसा टेपमधल्या बाबांबरोबर मी तिच्या पाठीवर हातानं वाजवायला लागले. जड. मग थांबायचं. ऐकताना ती जागा मला लहान वाटली होती. हात हवेत धरून थांबायची वेळ आली तेव्हा ती फार मोठी निघाली. लंगडा पाय मागून उचलून पुढे ठेवायला जेवढा वेळ लागतो तेवढी. बाबा तिच्यासाठी तेवढं थांबत होते. हलका ठोका पडला आणि आईची पाठ ताठ झाली.

"हां," ती म्हणाली. "हाच. एवढाच थांबे थो."

दुसऱ्या पावलाला माझा हात वर गेला आणि तिथेच राहिला. बाबा गेले, हे मला तेव्हा कळलं. मी रडायला लागले, चांगली मोठ्यानं. आईला ते ऐकू येत नव्हतं. ती माझ्याकडे पाठ करून तशीच बसली होती.

"वाजव नं," ती म्हणाली. "काऊन थांबली?"